लेकीच्या क्लबला शाफ्ट निवडताना

गोल्फच्या काठीच्या, म्हणजे क्लबच्या, दांड्याला शाफ्ट म्हणतात. त्यावर कडकपणा सांगायला छापलेलं आर (रेग्युलर) किंवा एस (स्टिफ, म्हणजे कडक) हे अक्षर मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी वजन, मग लांबी, मग टोकाची जाडी. खिसा बेताचा असेल तर हाच क्रम धरावा, असं माझं ठाम मत झालंय. ते कसं झालं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांना गोल्फ शिकवणारे आमच्यासारखे पगारदार आईबाप आता बरेच भेटायला लागलेत आणि त्या सगळ्यांना दुकानात एकच उत्तर मिळतं: नवा सेट घ्या.

मी नाशिकला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर ते मैदान येतं, जिथे सकाळी फिरायला जातात आणि रणजीचे सामने होतात. माझी मुलगी मात्र गोल्फच खेळते. तिचा मामा सैन्यात होता. देवळालीला असताना तो तिला सोबत न्यायचा आणि तिथेच तिला गोडी लागली. निवृत्तीनंतर त्याने स्वतःची बॅग तिच्या हवाली केली. “वापर गं, माझा खांदा आता साथ देत नाही,” म्हणाला. आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचे क्रमांकवार क्लब, उत्तम होते, फोर्ज्ड (ठोकून घडवलेले), प्रेमाने पुसून ठेवलेले. त्यात पोलादी शाफ्ट होते, डायनॅमिक गोल्ड एस-३००.

हे शाफ्ट नावाजलेले आहेत आणि ते उगाच नाही. जगातल्या कितीतरी व्यावसायिक खेळाडूंनी त्यावर कारकीर्द काढली आहे. पण न कापलेल्या एका शाफ्टचं वजन १३० ग्रॅमच्या आसपास जातं. धिप्पाड मामाला ते शोभत होतं. पंधरा वर्षांच्या, पाच फूट चार इंचांच्या मुलीला ते जड होतं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीतले पहिले चेंडू ती छान मारायची आणि बादली अर्धी झाली की फटके उजवीकडे पडायला लागायचे. तिला शिकवणारे सर म्हणायचे, “दमतेय ती.” मला मात्र ती नेमकी कशाने दमते ते बघायचं होतं.

त्यासाठी एक फुकटातला उपाय आहे. क्लबच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, टाल्कम पावडरचा पातळ थर द्यायचा आणि मारायचं. चेंडू जिथे लागतो तिथली पावडर उडते आणि गोल ठसा राहतो. सुरुवातीचे ठसे मधोमध, एकमेकांना चिकटून. नंतरचे पसरत पसरत टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, सरकलेले. मोबाईलवर फोटो काढून ठेवले की फरक लपत नाही. शाफ्टवर एक रुपया खर्च करण्याआधी हे फोटो काढा, असं मी प्रत्येकाला सांगते. नवा शाफ्ट घातल्यावर ते ठसे एकत्र येत नसतील, तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तो शाफ्ट आपल्या कामाचा नाही.

आता थोडं फिजिक्स. चेंडू आणि क्लब यांचा संपर्क सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात शाफ्ट चेंडूला काही ‘ढकलत’ नाही. त्याचं काम त्याआधीच झालेलं असतं: हेड (क्लबचं चेंडूला लागणारं डोकं) योग्य जागी, योग्य कोनात, खेळाडूला झेपेल त्या वेगाने आणून सोडणं. म्हणून ‘हा शाफ्ट वीस यार्ड वाढवून देतो’ असं कोणी म्हटलं की मी तिथून उठते. शाफ्टने फार तर फटके एकसारखे होतात, आणि वाढत्या वयाच्या खेळाडूला त्याचीच गरज असते.

१९२९ साली गोल्फचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेने पोलादी शाफ्टला मान्यता दिली. त्याआधी बहुतेक शाफ्ट हिकरी नावाच्या लाकडाचे असत. मान्यता मिळाल्यावरही अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीवरच. हातात बसलेलं हत्यार जुनं झालं म्हणून त्याने टाकलं नाही. इकडे चेंबूरला, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्त्यांत कॅडीचं, म्हणजे खेळाडूची बॅग वाहण्याचं, काम करणारी पोरं लोखंडी सळ्या वाकवून त्यांचे क्लब करतात आणि गल्लीबोळात, पत्र्यांमधून प्लॅस्टिकचे चेंडू मारतात. त्यांच्या हाताची नजाकत पाहिली की साधनाबद्दल तक्रार करताना जपून बोलावंसं वाटतं.

आमचं बजेट होतं पंधरा हजार, त्यात शाफ्ट, ग्रिप (मुठीवरचं आवरण), मजुरी सगळं बसवायचं. एका नावाजलेल्या ग्राफाइट शाफ्टची किंमत अमेरिकेतच तीनशे डॉलरच्या पुढे जाते, आणि तो एकट्या ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा. म्हणजे नव्याचा विचारच नको. राहिला जुना माल. गोल्फमध्ये एक बरं असतं. पैसेवाली मंडळी सतत बदलत असतात. नवा सेट घेतात, त्यातला शाफ्ट आवडत नाही म्हणून लगेच काढून दुसरा घालतात, आणि काढलेले शाफ्ट दुरुस्तीवाल्याकडे कोपऱ्यात पडून राहतात. पुण्यात असे एक काका आहेत. लहानपणी कॅडी होते, आता क्लब दुरुस्त करतात. त्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून शाफ्टच्या जुड्याच्या जुड्या उभ्या असतात.

काकांनी माझ्या मुलीला एकही चेंडू मारायला न लावता आधी सरळ उभं केलं आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेप धरला. मग म्हणाले, “ताई, पोरगी बुटकी आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचे पैसे वाचले.”

याचं कारण सोपं आहे. काढलेला शाफ्ट आधीच कोणाच्या तरी मापाने कापलेला असतो. पुरुषांचा सेव्हन आयर्न (सात नंबरचा क्लब) साधारण ३७ इंचांचा असतो. उंच माणसाला तो शाफ्ट पुन्हा वापरता येत नाही, आखूड पडतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. माझ्या मुलीला त्यातून आणखी अर्धा इंच कापायचाच होता. उंचीने बेताच्या सगळ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या बाजारात त्यांच्याइतकी निवड कोणालाच नसते.

काकांनी दोन जुड्या काढल्या. एक ग्राफाइटची, सत्तर ग्रॅमच्या आतली. दुसरी पोलादाचीच, पण हलक्या, निप्पॉन कंपनीच्या एनएस प्रो ९५० ची, आर फ्लेक्स (लवचिकता), ९५ ग्रॅमच्या आसपास. ग्राफाइट दिसायला सुंदर होतं, मुलीचा डोळा त्यावरच. पण दोन-तीन शाफ्टवर बॅगेच्या कडेला घासून पडलेले चट्टे होते, रंगाखालचे धागे दिसत होते. ग्राफाइट म्हणजे राळेत बसवलेले कार्बनचे तंतू. तंतू तुटले असतील तर वरून कळत नाही आणि एके दिवशी फटका मारताना शाफ्ट मोडतो. पोलादाचं तसं नाही, त्याचे दोष दाखवून घेता येतात. काकांनी काचेवर एकेक शाफ्ट लोळवला. वाकडा असला की तो थडथडत जातो, सरळ असला की आवाज न करता घरंगळतो. मग टोकाला बॅटरी धरून आतून गंज बघितला. जुडीतला एक बाजूला काढला, त्याच मापाचा दुसरा दिला.

ते निप्पॉनचे शाफ्ट घेण्याआधी मी एक दिवस मागून घेतला आणि सगळे कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. आमच्या लॅबमधला साधा व्हर्नियर कॅलिपर इथे हजारो रुपये वाचवतो. आयर्नच्या शाफ्टची टोकं दोन मापांत येतात: ०.३५५ इंच आणि ०.३७० इंच, म्हणजे सुमारे ९.० आणि ९.४ मिलिमीटर. जाडं टोक बारीक हॉसेलमध्ये, म्हणजे शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीत, जात नाही. हॉसेल भोकून मोठं करता येतं, पण मामाच्या फोर्ज्ड हेडला मी ड्रिल लावू देणार नव्हते. व्हर्नियरवर ९.० आलं, जमलं. ड्रायव्हरचं बहुतेक माप आणखी बारीक, ०.३३५. जुना शाफ्ट ऑनलाइन मागवणाऱ्यांनी विकणाऱ्याकडून आधी हा आकडा लेखी घ्यावा. रंग आणि ब्रँड नंतर विचारावा.

मग मी तो प्रयोग लावला जो दरवर्षी मुलांकडून करून घेते. पट्टी एका टोकाला घट्ट धरायची, दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं आणि किती वाकते ते मोजायचं. पट्टीच्या जागी शाफ्ट. जाड टोकाकडचे पाच इंच टेबलाला क्लॅम्प केले, बारीक टोकाला वजनं टांगली, मागे मीटरपट्टी उभी केली. प्रत्येक वेळी क्लॅम्पपासून वजनापर्यंतचं अंतर तेच ठेवायचं, नाहीतर सगळं फुकट, कारण वाक हा लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. लांबी एक टक्का चुकली की वाक तीन टक्के चुकतो.

काकांनी तुलनेसाठी वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे शाफ्टही दिले होते. एकावर ठसठशीत एस, दुसऱ्यावर आर. दोन्ही जवळजवळ सारखेच वाकले, फरक एखाद्या मिलिमीटरचा. माझ्या अकरावीच्या दोन विद्यार्थिनी मदतीला होत्या, त्यांनी वजनं काढून पुन्हा लावली. तेच आलं. अक्षरांचं कुठलंही सामायिक प्रमाण गोल्फच्या धंद्यात ठरलेलं नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मापाने ते छापते. हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या मीटरपट्टीवर बघितलं की मन स्वच्छ होतं. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर आर, त्यावर १०५ पर्यंत एस, असा ढोबळ ठोकताळा सगळे सांगतात. सुरुवात करायला तो ठीक आहे, त्यावर पैसे उधळायला नाही.

निप्पॉनच्या जुडीचं मला आवडलं ते असं की पाच नंबरपासून वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब) वाक एका पायरीने कमी होत गेला, मध्ये कुठे उडी नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनंही नीट उतरत्या क्रमाने आली. सेट म्हणजे हेच. सुट्या सुट्या ठिकाणांहून स्वस्तात गोळा केलेले शाफ्ट एकेकटे चांगले असले तरी सिक्स आयर्न एक बोलतो आणि सेव्हन दुसरंच. कमी पैशात घ्यायचं तर एकाच बॅगेतून निघालेली अख्खी जुडी घ्या.

एक हिशेब राहिला होता, स्विंगवेटचा. क्लब हातात किती ‘हेडकडे जड’ लागतो त्याचं ते माप. ते अक्षर आणि अंकात सांगतात, डी-० च्या खाली सी-९ येतं. शाफ्ट तीसेक ग्रॅमने हलका झाला की ते तीन-चार अंकांनी उतरतं, अर्धा इंच कापला की आणखी तीन. मामाचे क्लब डी-२ वर होते, म्हणजे आम्ही सी-५ च्या आसपास उतरणार. बाजारात बायकांचे क्लब साधारण याच पट्ट्यात मिळतात, त्यामुळे भर घालायची गरज पडली नाही. हवीच असती तर शिशाची चिकटपट्टी हेडच्या मागे लावायची. दोन ग्रॅमला एक अंक, खर्च नगण्य. लहान मुलांसाठी मोठ्यांचा क्लब नुसता दोन-तीन इंच कापून देतात त्याबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. शाफ्ट कडक होतो, जाडी तीच राहते, हातात काही कळत नाही, आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

बसवण्याची मजुरी काकांना दिली आणि ती आनंदाने दिली. जुना शाफ्ट काढताना हॉसेल हीट गनने तापवायचा, आतला इपॉक्सी गोंद मऊ झाला की पोलादी शाफ्ट पिळून निघतो. ग्राफाइट असेल तर पिळायचा नाही, पुलरने सरळ ओढायचा, नाहीतर तंतू फाटतात. हॉसेल आतून खरवडून साफ केला, शाफ्टचं टोक घासून खरखरीत केलं, फेरूल (सांध्यावरची कडी) चढवलं, आणि चोवीस तास घेणारा इपॉक्सी वापरला. पाच मिनिटांत वाळणारा लावणाऱ्याकडे क्लब देऊ नका. ताशी सत्तर-ऐंशी मैलांनी फिरणारं हेड निसटलं तर समोरच्याचा जीव जाईल.

ग्रिप मात्र आम्ही नव्या घेतल्या, बारीक मापाच्या. जुन्या ग्रिप कडक झाल्या की मूठ आवळली जाते आणि मग कुठलाही शाफ्ट असो, काही उपयोग नाही. सगळं धरून पंधरा हजारांतले थोडे उरले, ते रेंजच्या बादल्यांना गेले.

पावडरचे ठसे आता बादली संपेपर्यंत मधोमध आहेत. अंतर वाढलं का, हे मामाने फोनवर विचारलं. सेव्हन आयर्नने ती पूर्वी चांगला लागला की जितकं मारायची तितकंच मारते, फक्त आता बहुतेक वेळा मारते.

ड्रायव्हरला मी अजून हात लावलेला नाही. तिची उंची वाढतेय आणि वेगही. शिवाय शाफ्ट हेडला जोडणारा अडॅप्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे आज घेतलेला शाफ्ट उद्याच्या हेडमध्ये बसेलच असं नाही. तोवर ती तोच ड्रायव्हर ग्रिपवर एक इंच खाली धरून मारते. काकांना सांगून ठेवलंय की पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा, चट्टे नसलेला काही आला तर बाजूला ठेवा. कॅलिपर घेऊन येईन.