केवढ्याला पडली?

माझ्या दुर्बिणीतून शनीची कडी बघून माणूस डोळा बाजूला घेतो आणि पहिलं काय विचारतो, तर "केवढ्याला पडली?" घरी केलीय म्हटलं की लगेच पुढचं : "मग निम्म्यातच झाली असेल!" शाळेच्या मैदानात मागे पोरांची रांग खोळंबलेली असते, म्हणून मी नुसती हसते. पण घरी केलेली दुर्बीण खरंच स्वस्त पडते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून आज वही काढून बसले आहे.

माझी दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची, म्हणजे पुढे भिंगाऐवजी तळाशी खोलगट आरसा असलेली; आरसा सहा इंच रुंद. काच, घासायच्या पावडरी आणि राळ मिळून ५,५०० रुपये. घासून झालेल्या काचेवर ॲल्युमिनियमचा थर निर्वात पेटीत चढवावा लागतो, तो घरी होत नाही. कुरियर धरून २,०००. दुय्यम आरसा (उजेड बाजूला वळवणारा छोटा) आणि त्याची पकड २,५००, फोकसर, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायची सरकती नळी, ३,०००, दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, ५,०००. पाइप, प्लाय, सनमायका आणि सुतार, ६,०००. झाले २४,०००. तेव्हा दोन आयपीससकट तयार दुर्बीण ३४,००० ला मिळत होती. म्हणजे वाचले दहा हजार, आणि वहीत तास लिहिलेत ११०. ताशी नव्वद रुपये सुटले. प्लाय कापून देणारा सुतार माझ्याहून जास्त घेऊन गेला.

हे तास जातात कुठे? दोन जाड चकत्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि वरची मागेपुढे सरकवत टेबलाभोवती फिरत राहायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. माझ्या आरशाचा खोलगा मध्यावर जेमतेम १.२ मिलिमीटर; तो ८० नंबरच्या भरड पुडीने (नंबर वाढतो तशी पूड बारीक) चार-पाच संध्याकाळींत पडलासुद्धा. खरा वेळ खाल्ला पुढच्या बारीक पुडींनी, आणि राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून केलेल्या पॉलिशने. शेवटी पृष्ठभागात साधारण मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाहून जास्त चूक चालत नाही. आणि ही चूक दिसते कशाने, तर एक बारीक दिवा आणि दाढीचं पातं! फुको या फ्रेंच माणसाची ही युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. सगळ्या खर्चात स्वस्त वस्तू तीच.

३२० नंबरवर असताना एकदा कर्र आवाज आला. ८० चा एक कण हात पुसायच्या पंच्यात राहिला होता. ओरखडा काढायला परत २२० वर जावं लागलं. ११० मधले पंधरा तास त्या कणाचे.

विल्यम हर्शेलचा हिशेब मात्र जमला. इंग्लंडमधल्या बाथ गावातला हा संगीतकार. मोठ्या दुर्बिणीची किंमत झेपेना म्हणून १७७३ मध्ये स्वतः आरसे करायला लागला. तेव्हाचे आरसे धातूचे. एकदा सोळा तास त्याने पॉलिशवरून हात काढला नाही, बहीण कॅरोलाइन घास भरवत होती. १७८१ मध्ये घरच्याच सव्वासहा इंची आरशातून त्याला युरेनस सापडला. आमच्याकडे घास भरवणं दूरच, राळ वितळवल्यावर सासूबाई माजघरातून उठून पडवीत जाऊन बसल्या.

तरी ते नव्वद रुपये मला कमी वाटत नाहीत, कारण आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर आकाश नसतंच. आरसा मी पावसाळ्यात घासला. त्या संध्याकाळी एरवी काय भावाने गेल्या असत्या?

तुम्हाला पैसेच वाचवायचे असतील तर सहा इंचाचा आरसा घासू नका, तयार घ्या. आयपीस काय, दोन्हीकडे विकतच घ्यावे लागतात. खरी बचत लाकडात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सनने रूढ केलेली, दुर्बीण बसवायची प्लायची पेटी टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सनमायका सरकवत फिरते. ती कोणताही बरा सुतार दोन दिवसांत करून देतो. दहा-बारा इंचांवर गणित फिरतं, तयार दुर्बिणीची किंमत एकदम उडी मारते आणि तिथे घासणं परवडतं. पण पहिलाच आरसा बारा इंची घ्याल तर पस्तावाल.

आणि एवढं ऐकूनही घासायचाच असेल, तर ८० नंबरची पाऊण डबा पूड माझ्याकडे पडून आहे, घेऊन जा. पंचा मात्र तुमचा आणा, आणि प्रत्येक नंबरला वेगळा.