तालुक्याच्या उकारावर अडलेली फाइल

विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी आमच्याकडे सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरातून, येतात. आलेली फाइल मी आधी ज्युपिटर नोटबुकमध्येच, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जिथे लिहून लगेच चालवता येते तिथेच, उघडून नजरेखालून घालते. त्या दिवशी मेलमध्ये एकाच गावयादीच्या दोन प्रती होत्या, एक जुनी आणि एक फील्डवरच्या मुलाने दुरुस्त्या करून पाठवलेली. वर मॅडमची ओळ: ‘दोन्ही करप्ट दिसतायत. सगळं परत मागव.’ परत मागवायचं म्हणजे त्या पोराने भर उन्हात पुन्हा गावोगाव फिरायचं.

जुनी प्रत नेहमीसारखी ओपन-रीड-प्रिंट करून पाहिली, तर पायथनने पहिल्याच ओळीत हात टेकले. ३१व्या जागेवरचा ८१ हा बाइट, म्हणजे फाइल ज्या आकड्यांत साठवलेली असते त्यातला एक, वाचता येत नाही म्हणे. पहिल्या ओळीची सुरुवात होती ‘कोड,गाव,तालुका’. शून्यापासून मोजत गेले, तर ३१व्या जागी निघाला ‘तालुका’मधला उकार!

अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. त्यातल्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. उकार म्हणजे ई०, ए५, ८१ (बाइट असे षोडशमान पद्धतीत लिहितात, म्हणून आकड्यांत अक्षरंही येतात). पण एन्कोडिंग सांगितलं नाही, तर माझ्या विंडोजवरचा पायथन फाइल विंडोज-१२५२ (युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता) समजून वाचायला घेतो, आणि त्या तक्त्यात ८१चं घर रिकामं आहे. ८डीचंही रिकामंच, आणि आपल्या पाय मोडलेल्या अक्षराचा शेवटचा बाइट नेमका तोच. थोडक्यात, उकार किंवा जोडाक्षर आलं की गाडी अडणार. एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहून दिल्यावर सगळी गावं काना-मात्रेसकट समोर आली. जुनी प्रत ठणठणीत होती.

दुरुस्त प्रत मात्र एन्कोडिंग देऊनही बिघडलेलीच: ओळीओळीत डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन ए आणि जपानी येनची चिन्हं. आकार पाहिला, तर जुनीपेक्षा कितीतरी मोठा, आणि ओळी तेवढ्याच. मग अक्षरं सोडून थेट बाइट छापून पाहिले. ‘गाव’मधल्या ग-च्या तीन बाइटचे सात झाले होते.

मुलाला फोन लावला. “ताई, मी फक्त डबल क्लिक करून उघडली. नावं विचित्र दिसत होती, म्हणून त्यांना हातच लावला नाही. आकडे बदलले आणि सीएसव्ही यूटीएफ-८ करून सेव्ह केली.” त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. एक्सेलने बाइट १२५२ समजून उघडले आणि पडद्यावरची ती विचित्र चिन्हंच पुन्हा यूटीएफ-८मध्ये कोंबली.

उलटं रूपांतर करून पाहिलं, तेही त्याच ८१ आणि ८डीपाशी अडलं. पण प्रत्येक ओळीत २०११च्या जनगणनेचा सहा अंकी गावकोड होता, आणि इंग्रजी अंक दोन्ही तक्त्यांत एकाच बाइटचे, त्यामुळे ते शाबूत होते. शिवाय महाराष्ट्रातले हे कोड ५ने सुरू होतात. सुरुवातीला शून्य असतं तर एक्सेलने तेही गिळलं असतं. नावं जुन्या प्रतीतून घेतली, पातळ्या नवीनमधून, आणि कोडवर जोडून टाकलं. पोराची पायपीट वाचली.

जोडलेली फाइल मॅडमना पाठवली. पाचच मिनिटांत उत्तर: ‘अगं, ही पण तशीच दिसतेय.’

त्यांनीही डबल क्लिकच केलं होतं. मग फोनवरून एकेक पायरी सांगत गेले: डेटा टॅब, टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८.