पोझनान: एनिग्मा आणि खसखशीचा रोगाल, एकाच रस्त्यावर

एनिग्मा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं गुप्तलिपी यंत्र, म्हटलं की आपल्याला ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग आणि ब्रिटिशांचं संकेत फोडण्याचं केंद्र ब्लेचली पार्क आठवतं. पण जर्मनी-पोलंडकडे असाल तर आधी एखादा शनिवार-रविवार पोलंडमधल्या पोझनानला द्या. बर्लिनहून थेट रेल्वेने साधारण तीन तास, आणि स्टेशनावरून रमतगमत पंधरा-वीस मिनिटांत श्विएंती मार्चिन (म्हणजे संत मार्टिन) रस्ता. आमची बरीचशी सहल या एका रस्त्यावरच झाली.

इथे कैसर (जर्मन सम्राट) विल्हेल्म दुसरा याच्यासाठी बांधलेला अवाढव्य दगडी राजवाडा आहे, १९१० साली पूर्ण झालेला. पोलंड स्वतंत्र झाल्यावर तो विद्यापीठाकडे आला. १९२९ मध्ये पोलिश लष्कराने इथल्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी गुप्तलिपीचा छुपा वर्ग चालवला. पोझनानच का? हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत प्रशिया या जर्मन राज्याकडे होता, त्यामुळे पोरांना जर्मन चांगलं येत होतं. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्या वर्गातलेच. राजवाड्यासमोर आकड्यांनी भरलेला त्रिकोनी स्तंभ आहे, त्याच्या एकेका बाजूवर एकेकाचं नाव. घाईत तो सहज नजरेतून सुटतो.

शेजारीच २०२१ मध्ये उघडलेलं एनिग्मा केंद्र. यंत्र बघायला जाणार असाल तर थोडे हिरमुसाल; इथली खरी मजा कोडी सोडवण्यात आहे. जर्मन लोक प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला तीन अक्षरी किल्ली, म्हणजे यंत्रातली फिरती चक्रं कुठून सुरू करायची ती खूण, दोनदा पाठवायचे. त्या पुनरावृत्तीला धरून, फ्रेंच हेरखात्याकडून आलेल्या कागदांच्या मदतीने, रेयेव्स्कीने डिसेंबर १९३२ मध्ये चक्रांची अंतर्गत जोडणी गणिताने काढली. ट्युरिंग तेव्हा केंब्रिजमध्ये शिकत होता! मला सगळ्यात आवडलेला भाग कळफलकाकडून चक्रांकडे जाणाऱ्या तारांचा. त्या कोणत्या क्रमाने जोडल्या असतील इथेच इंग्रज अडकले होते. रेयेव्स्कीने ‘सरळ ए-बी-सी असेल’ असं धरून पाहिलं, आणि तसंच निघालं. जुलै १९३९ मध्ये पोलिशांनी वॉर्साजवळ हे सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिलं. युद्धानंतर रेयेव्स्की पोलंडमधल्याच बिद्गोश्च शहरात हिशेब तपासनिसाची नोकरी करत राहिला. १९७० च्या दशकापर्यंत बाहेर कुणाला त्याच्या या कामाचा पत्ता नव्हता. इथे दोन तास तरी ठेवा, सोमवार टाळा.

आता पोटाचं. रोगाल म्हणजे नालाच्या आकाराची, पदर सुटलेली पेस्ट्री. आत पांढऱ्या खसखशीचं सारण, त्यात सुकामेवा आणि संत्र्याची साल, वर साखरेचा पाक. चव घरच्या करंजीच्या सारणाच्या जवळ जाते, फक्त बरीच ओलसर. वजन दीडशे ते अडीचशे ग्रॅम, म्हणून दोघांत एकच घ्या. नाव युरोपीय संघाने संरक्षित केलं आहे, तेव्हा प्रमाणपत्र लावलेल्या बेकरीतूनच घ्या. यात अंडं असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

शाकाहारींनी ‘पिरी झ गझिकेम’ मागवावं: उकडलेले बटाटे, सोबत साय आणि कांदा घातलेलं ताजं चीज. स्वस्त आणि पोटभर. मी वरून मिरपूड मारली, तरी ठेचा आठवलाच. ‘शारे क्लुखी’ हे किसलेल्या बटाट्याचे गोळे शाकाहारी वाटतात, पण वर बहुतेक वेळा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. ‘बेझ मिएन्सा’ म्हणजे मांस नको, हे आधी सांगा. मांसाहारींसाठी बदक, सोबत वाफवलेले फुगीर गोळे आणि लाल कोबी. ‘चेर्निना’ मात्र बदकाच्या रक्ताचं सूप, माहीत असूनच मागवा. स्वस्तात जेवायचं तर ‘बार म्लेच्नी’ नावाच्या साध्या खानावळी शोधा.

जुन्या चौकात दुपारी बारापूर्वी पोहोचा. नगरभवनाच्या घड्याळात दोन बोकड बाहेर येऊन टकरा मारतात. चौकाजवळ रोगालचं प्रात्यक्षिक दाखवणारं संग्रहालयही आहे, पण इंग्रजी सत्र ठरावीक वेळीच असतं, आधी आरक्षण करा. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, पाणी आणि फळं शनिवारीच घेऊन ठेवा. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनची मिरवणूक याच रस्त्यावरून निघते. त्या दिवशी जायचं असेल तर हॉटेल खूप आधी ठरवा आणि रोगालच्या रांगेत सकाळीच लागा.