मुरुड ते मालवण, मारुती ईको व्हॅनमध्ये मुक्काम: सक्शन कपचे सनशेड घेऊ नका

दुकानदार सांगतो, सक्शन कप मस्त चिकटतात. पुण्यात चिकटतातही. मुरुडच्या पुढे काचेवर बाहेरून खाऱ्या हवेचा थर, आतून श्वासाचं दव. पहाटे तीनला कप टप् टप् सुटायला लागतात. साडेपाचला गाव फिरायला निघतं आणि सरळ आत बघतं. जाळीचे सनशेड तर रात्री बिनकामाचे, आत दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं. सीटकव्हरवाल्याने काचांची झाकणं शिवून द्यायचे साडेचार हजार मागितले. ही सरळ लूट आहे, घरी करा.

काळी फिल्म नकोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली फिल्मला मनाई केली, तेव्हापासून पोलीस तीच आधी बघतात. फक्त गाडी उभी असताना लावायची आणि निघण्याआधी काढायची झाकणं करा.

१० मिलिमीटरचा चंदेरी थराचा ईपीई फोम (पॅकिंगला वापरतात तो हलका फोम) घ्या. प्रत्येक काचेचा साचा खाकी कागदावर आतून काढा आणि चहूबाजूंनी ५ मिलिमीटर जास्त कापा, म्हणजे झाकण काचेभोवतीच्या रबरी पट्टीत (बीडिंगमध्ये) दाबून बसतं. फेविकॉल या फोमला धरत नाही. काळ्या सुती कापडाचा उशीसारखा अभ्रा शिवा, एका बाजूचं कापड कापून चंदेरी भाग उघडा ठेवा. काळी बाजू बाहेर. चंदेरी बाहेर ठेवली तर समोरच्या गाडीच्या दिव्यात लांबूनच चमकते आणि आत कोणी झोपलंय हे कळतं. मागे ‘डावं, वर’ असं लिहून ठेवा, अंधारात उपयोगी पडतं.

सगळ्यात छळते ती पुढची काच. एकसंध तुकडा डॅशबोर्डवरून आत वळत नाही, वाकवला की मोडतो. दोन तुकडे करा, मध्ये ५ सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या, वरून सनव्हायझर दाबा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून उजेड गळतोच. तिथे टॉवेलची सुरळी. मग आत दिवा लावून एकाने दहा पावलांवरून गाडीभोवती फेरी मारावी.

मागच्या दाराला उघडा पत्रा आहे तिथे २० मिलिमीटरचे निओडिमियम (छोटे पण जोरदार) चुंबक अभ्र्यात शिवा. रत्नागिरीच्या काळ्या वाळूवर झाकण टेकवू नका: वाळूतले लोहयुक्त कण चुंबकाला मिशांसारखे चिकटतात आणि दाराचा रंग खरवडतात.

सगळं घट्ट बसलं की हवा कोंडते. पुढच्या दोन्ही दारांची झाकणं वरून ३ सेंटिमीटर कमी करून तिथे मच्छरदाणीची जाळी शिवा, काचा दोन बोटं खाली ठेवा, दिवा सीटच्या पातळीखाली. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं आणि आत शेगडी पेटवणं, दोन्ही जीवघेणं. सकाळी झाकणं उन्हात वाळवूनच रचा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो.

दाभोळ-धोपावे फेरीबोट, गुहागर, गणपतीपुळे: काहीच त्रास नाही. पेट्रोल पंपावर किंवा देवळाच्या पार्किंगमध्ये आधी विचारा. लपून राहायचं ते चोरांपासून, पोलिसांपासून नाही. टकटक झाली की आतला दिवा लावा, काच खाली करा, कागदपत्रं हाताशी ठेवा.