क्रोशाचे जुने रुमाल, आणि कात्री न लावता त्यांचं काय काय करता येतं

क्रोशाचे जुने रुमाल घरात पडून असतील तर ते आजच बाहेर काढा, आणि कात्री मात्र डब्यातच राहू दे. माझं यावर अगदी ठाम मत आहे. इंटरनेटवर हजार व्हिडिओ आहेत ज्यात सुंदर गोल रुमाल मधोमध कापून त्याची पट्टी काय करतात, फुलाचे तुकडे काय करतात, बघवत नाही मला. गोल रुमाल मधल्या कड्यापासून फेऱ्या घेत घेत बाहेर विणत नेलेला असतो, सगळा एकाच सलग दोऱ्याचा, त्यामुळे तुम्ही कुठेही कापलं की कापलेल्या जागेचे फास मोकळे होतात आणि दोन धुण्यांत तिथे भगदाड. म्हणून आधी रुमाल समोर ठेवायचा, त्याचा आकार बघायचा, आणि त्या आकाराला शोभेल अशी वस्तू शोधायची, असं उलट्या बाजूनं सुरू करायचं.

आपल्याकडे हे रुमाल किती असतील याचा अंदाज हवा असेल तर आईला किंवा सासूबाईंना विचारा फक्त. रुखवतात क्रोशाचं काहीतरी असायलाच हवं असायचं, ताटावरचा रुमाल, तोरण, काचेच्या जगावर टाकायचं मणी लावलेलं झाकण. मग मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे ज्यांच्या घरी टीव्ही आला त्यांच्या टीव्हीवर रुमाल आला, रेडिओवर होताच, फ्रिजवर आला, सोफ्याच्या पाठीवर आला. नंतर टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला, वर काही पसरायला जागाच उरली नाही, आणि हे सगळं काम जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. माझ्या मोठ्या मावशीनं विणलेले अननसाच्या डिझाइनचे रुमाल असेच मिळाले मला. ४० नंबरच्या दोऱ्यात विणलेत, म्हणजे चांगलाच बारीक दोरा (नंबर वाढतो तसा दोरा बारीक होत जातो), आणि इतके एकसारखे खांब (म्हणजे क्रोशाचे उभे टाके) की मी स्वतः क्रोशा करते तरी तोंडात बोट घातलं.

हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते नक्की काय आहे ते ओळखायचं. क्रोशात साखळ्या आणि खांब स्पष्ट दिसतात, भिंग लावून बघितलं तर प्रत्येक खांबाच्या डोक्यावर वेणीसारखे दोन धागे आडवे असतात. टॅटिंग (छोट्या धोट्यानं गाठी मारत केलेली लेस) असेल तर सगळीकडे बारीक बारीक गाठी, त्यांची गोल कडी आणि कमानी, आणि हात लावला की ते जास्त टणक लागतं. टॅटिंग गाठींचं असल्यामुळे उसवत नाही, त्याचा फाटका तुकडासुद्धा वापरता येतो. आणि मशीनची लेस असेल तर त्यात साखळी नसतेच, नुसतं दाट भरतकाम असल्यासारखं दिसतं आणि कडेला बारीक धाग्यांची पिसं निघालेली असतात. ही लेस बिनधास्त कापा, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दोरा सुती आहे का हे बघायचं असेल तर सुटलेला एक धागा जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास आणि राखाडी राख आली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

आता धुणं, इथे घाई करू नका. जुन्या रुमालांत बहुतेक वेळा जुनी खळ असते, ती पिवळी पडते, शिवाय खळीला कसर लागते, म्हणून आधी तो साध्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवायचा. सकाळी पाणी अगदी चहासारखं झालेलं असतं, ते ओतून द्यायचं, परत भिजवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग माइल्ड लिक्विड. तरी पिवळेपणा राहिला तर कपड्यांचं ऑक्सिजन ब्लीच मिळतं ना, सोडियम परकार्बोनेटवालं, ते कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात काही तास. क्लोरीनवालं ब्लीच, जे पांढऱ्या शर्टांना वापरतात, ते अजिबात नको, चाळीस-पन्नास वर्षांच्या सुताची ताकद त्यानं जाते, आणि कुठे गंजाचा डाग असेल तर तो आणखी पक्का होतो. गंजावर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं, लिंबू सुतात राहता कामा नये. पिळायचं तर मुळीच नाही. टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबायचं. आणि पाण्यातून उचलताना एका टोकाला धरून उचलू नका, खाली तळहात घालून उचला, भिजल्यावर त्याचं वजन खूप होतं आणि सगळा ताण एकाच कमानीवर येतो.

ओला असतानाच टाचण्या लावायच्या. मी थर्माकोलच्या जाड शीटवर कागदावर कंपासनं गोल काढून ठेवलेत, वर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर रुमाल उलटा पसरायचा आणि मधून बाहेर, समोरासमोरच्या कंगोऱ्यांना एकेक टाचणी. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, साध्या टाचण्यांचा गंज रात्रीत लागतो. वाळल्यावर काढलात की अननसाचा प्रत्येक अननस असा उठून दिसतो की काय सांगू!

भोकं पडलेली असतात, पडणारच. सगळ्यात जास्त मधल्या कड्याला आणि जिथे वर्षानुवर्षं घडी होती तिथे. तुटलेल्या जागी पहिलं काम म्हणजे मोकळे झालेले फास पकडणं. बारीक सुईत त्याच जाडीचा दोरा घेऊन प्रत्येक मोकळ्या फासातून नेऊन ठेवायचा, म्हणजे ते पुढे उसवत नाहीत, आणि नंतर शांतपणे क्रोशाची १ मिमीची सुई घेऊन तुटलेल्या खांबांच्या जागी नवे खांब विणायचे, शेजारचे मोजून. मधलं कडं गेलं असेल तर उलट सोपं, सगळे आतले फास एका दोऱ्यावर घेऊन हलकंच आवळायचं आणि त्यावरून मुके खांब, म्हणजे सगळ्यात आखूड खांब, घालायचे. नवा दोरा पांढराशुभ्र दिसतो आणि जुना मोतिया, त्याला बरेच जण चहाच्या पाण्यात बुडवायला सांगतात. रंग सुरेख येतो पण चहातला टॅनिन आम्लधर्मी असतो, त्यानं काळाच्या ओघात सूत कमकुवत होतं, त्यामुळे मी दोराच ऑफव्हाइट घेते आणि सोडून देते. दुरुस्ती दिसली तर दिसू दे.

आता करायचं काय. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ब्लाऊजची पाठ. आठ-नऊ इंचाचा गोल रुमाल गळ्याखाली पाठीवर मधोमध बसतो, आणि ब्लाऊज खणाचा असेल, तोही गर्द हिरवा किंवा वांगी रंगाचा, तर पांढरी जाळी त्यावर इतकी खुलते! खण आधी दोन-तीनदा वेगळा धुवून घ्या, रंग सुटतो आणि सुती असेल तर आटतोही, आणि शिवून झाल्यावर आटला तर रुमालाला चुण्या पडणार. पाठीचा भाग शिवणीच्या आधी सपाट असताना रुमाल त्यावर ठेवायचा, मध्यापासून बाहेर धावदोरा घालून कच्चा टाचायचा, आणि मग कडेनं हातानंच शिवायचा, प्रत्येक कंगोऱ्याच्या टोकाला दोन आणि दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खळग्यात एक असे टाके. मशीनचा पाय कमानींमध्ये अडकतो आणि जाळी ओढली जाते, म्हणून हात. खालचं कापड कापून आरपार जाळी दिसायला हवी असेल तर उलट्या बाजूनं अर्धा इंच सोडून कापा, कट मारा, आत दुमडून हेमिंग करा. पण मागे अंगाच्या रंगाची नेट लावाच लावा. हात पुढे घेतला की पाठीवर सगळा ताण येतो, तो नेटनं घ्यायला हवा, जुन्या सुतानं नाही. आणि हूक पुढून ठेवा, मागची उघडी पट्टी रुमालाच्या मधून गेली तर सगळंच गेलं. आमच्या टेलरकाकांना मी रुमाल लावलेली पाठ तयार करूनच देते आणि सांगते, काका, यावर इस्त्री उलट्या बाजूनं, खाली टॉवेल घालून.

डेनिम जॅकेटच्या पाठीवर पण छान दिसतो मोठा रुमाल. तिथे कडेबरोबर मधल्या एखाद-दोन फेऱ्यांनाही लपते टाके घाला, नाहीतर मधला भाग लोंबतो. आणि निळा रंग पांढऱ्यावर उतरतो, तेव्हा नवं कोरं जॅकेट नको, भरपूर धुतलेलं जुनंच घ्या.

पडदा हे जरा मोठं काम आहे पण वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या हातांचे रुमाल एकत्र नांदवायचे असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही. याची पद्धत आयरिश क्रोशाकडून घ्यायची. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला तेव्हा कॉर्क, क्लोन्स अशा भागांत बायकांना या विणकामानं चार पैसे मिळायला लागले, आणि त्यांची रीत अशी की गुलाब, पानं, वेली सुटं सुटं विणायचं, मग कापडावरच्या नमुन्यावर उलटं टाचायचं आणि मधल्या रिकाम्या जागा साखळ्यांच्या जाळीनं भरून काढायच्या. आपल्याकडे आंध्रात नरसापूरला, जिथे एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी हे काम शिकवलं, तिथेही घरोघरी कुणी फुलं विणणार आणि कुणी ती जोडणार अशी वाटणी असते. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मला फार आनंद झाला होता, कारण हे काम आजवर बायकांचा फावला वेळ म्हणूनच मोजलं गेलं. तर पडद्यासाठी जुनी चादर जमिनीवर अंथरा, पडद्याचं माप आखा, मोठे रुमाल आधी ठेवा, मग लहान, सगळे उलटे. मोठ्या धावदोऱ्यानं चादरीला टाचा. मग तीन ते पाच साखळ्या घेत जवळच्या कंगोऱ्याला मुक्या खांबानं पकडत जागा भरत जायचं. शेवटी धावदोरा काढला की अख्खी जाळी चादरीपासून सुटी होते, आणि तो क्षण खरंच बघण्यासारखा असतो. वरच्या कडेला सुती टेप शिवा, म्हणजे वजन कमानींवर येत नाही. फक्त पश्चिमेच्या खिडकीला लावू नका, उन्हानं सूत कुजतं. मी आतल्या खोलीच्या दारावरच्या झरोक्याला लावलाय.

बाळाच्या झबल्याला कॉलर करायची असेल तर रुमाल न कापता अर्धा दुमडून गळ्याशी लावा, पण मणी असलेला रुमाल नको, बाळ तोंडात घालतं.

आणि अगदीच डागाळलेले, दुरुस्त न होणारे जे उरतात, त्यांचा आकाशकंदील करा. फुगा फुगवून त्याला क्लिंग फिल्म गुंडाळायची, फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून रुमाल त्यात बुडवायचे, निथळून फुग्यावर एकमेकांच्या कडा चढवून चिकटवायचे, खाली दिवा आत घालायला हाताएवढी जागा मोकळी सोडायची. पूर्वी साखरेच्या पाकात बुडवूनही असे रुमाल कडक करायचे, पण आपल्या हवेत मुंग्यांची रांग लागेल. दोन दिवस वाळला की फुगा फोडा. दिवा एलईडीच, साधा बल्ब तापतो. फेव्हिकॉल लावलेला रुमाल परत मऊ होत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून चांगल्या रुमालाला हे करायचं नाही. आणि कंदील पावसात भिजू देऊ नका, दिवाळीत हल्ली पडतोच.

जे रुमाल सध्या वापरायचे नाहीत ते खळ न घालता ठेवा, घडी न घालता धुवट मलमलीबरोबर गुंडाळी करून, आणि डांबरगोळी थेट त्यांना लागेल अशी नको. ज्यांनी विणलं त्यांचं नाव माहीत असेल तर कापडी टेपवर लिहून गुंडाळीला बांधा. मी मावशीला विचारून प्रत्येक रुमाल कधी विणला ते लिहून घेतेय. एक अननसाचा सगळ्यात मोठा आहे, तो रुखवतातला, त्याच्यासाठी अजून योग्य वस्तू सुचलेली नाही, सुचेपर्यंत तो तसाच राहील. पुढच्या आठवड्यात मात्र वांगी खणाची पाठ शिवायला घेतेय.