पोरींचे बूट आणि खात्यावरचे अण्णा

कंपनीनं देणगीला हो म्हटलं की काम झालं असं वाटणाऱ्या मंडळांनी हे वाचाच. आमचं पेठेतलं जुनं रजिस्टर मंडळ, पोरींची फुटबॉल टीम चालवतो. कोल्हापुरात पोरांच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतं, पण पोरींसाठी पैसे मागितले की सगळे ‘बघू की’. शेवटी शिरोली एमआयडीसीतला एक फौंड्रीवाला सीएसआरमधनं, म्हणजे कंपनीच्या समाजकामाच्या पैशातनं, बूट, बॉल आणि कोचचं मानधन द्यायला तयार झाला. ट्वेल्व्ह ए, एटी जी (संस्थेच्या आणि देणगीदाराच्या इन्कम टॅक्स सवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचे पैसे घ्यायची नोंदणी), सगळं सीएनं उरकलं, त्यात काय अडलं नाही.

अडलं ते बँकेत. खात्यावर सह्या अध्यक्ष आणि खजिनदाराच्या, अध्यक्ष म्हणजे आमचे अण्णा कोरोनात गेलेले, खजिनदार पोराकडं पुण्याला. मधल्या काळात वर्गणी रोख जमायची, रोखच खपायची, त्यामुळं खातं इनऑपरेटिव्ह, म्हणजे व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं. काउंटरवरचे साहेब म्हणाले अध्यक्षांना घेऊन या. म्हटलं साहेब, ते वारलेत. मग मृत्यू दाखला आणा म्हणाले. अण्णांच्या घरच्या काकूंनी बिचाऱ्यांनी लगेच काढून दिला, वर चहा पाजला. तो नेला तर आता परिशिष्ट-१ वर, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टींच्या नोंदीवर, नवीन नावं चढवून आणा! आधीच्या कमिटीनं बदल अर्ज टाकलाच नव्हता. ट्रस्टी बदलले की ९० दिवसांत धर्मादायकडं बदल अर्ज द्यायचा असतो, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. वकिलानं मीटिंगची नोटीस, ठराव, नव्यांची संमतीपत्रं, जुन्या खजिनदाराचं ना-हरकत असं सगळं लावून अर्ज टाकला, त्याची पोच घेऊन मी खुशीत बँकेत, तर पोच चालत नाही, मंजुरीची ऑर्डरच पायजे. बरं, ऑर्डर आली, नवा उतारा आला, घेऊन गेलो तर ते साहेब बदलून गेलेले आणि नवीन मॅडमनी फाईल उघडून पहिलं काय विचारलं असेल? अध्यक्ष का आले नाहीत!! मला हसावं का रडावं कळंना. वर सगळे सहीवाले एकाच वेळी पायजेत, आणि आमचा नवा खजिनदार सेकंड शिफ्टला, सकाळी झोपलेला असतो. त्याला उठवून गाडीवर घालून नेला.

तोवर पोरींचे पाय वाढले, बुटांची साईजची यादी परत केली. कंपनीकडं विचारणा करायच्या आधीच बँकेचं आणि धर्मादायचं हे सगळं उरकून घ्या, हे मागनं शहाणपण.

हां, एक राहिलंच. बँकेच्या ठरावात ‘तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीनं’ असं लिहून घ्या, म्हणजे एक माणूस गेला तरी खातं चालू राहतं. आणि सीएसआरला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, तेव्हा जुन्या स्पर्धांचे फोटो, बिलं, ऑडिट रिपोर्ट टाकून देऊ नका, आमचे गणपतीच्या मांडवाच्या सामानात सापडले. पेठेतल्या देणगीदारांना पण सांगा, दोन हजारावर रोख दिली तर एटी जीची सूट मिळत नाही, चेक नायतर यूपीआय करा. आमच्या एका मामांनी पाच हजार रोख दिले आणि आता पावतीवरनं रोज भांडतायत.