तुम्ही विचारलंत म्हणून: तो क्लास का लपवला?

‘स्टोअर हा क्लास पब्लिक होता, आम्ही वापरत होतो, तुम्ही तो का लपवलात?’ मी सांभाळत असलेल्या कॅशिंग लायब्ररीबद्दल, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवणाऱ्या जावा भाषेतल्या कोडबद्दल, हा प्रश्न मला सतत येतो. कधी विनंतीच्या सुरात, कधी तक्रारीच्या, आणि अलीकडे सरळ आरोपाच्या. जोडीला दुसरा प्रश्न असतोच: ‘बाहेरचा कॅशे इंटरफेस आणि आतला स्टोअर इंटरफेस, दोन्हींतल्या मेथड्स जवळपास सारख्याच आहेत, मग दोन कशाला?’ (इंटरफेस म्हणजे बोलावता येणाऱ्या मेथड्सची, म्हणजे कामांची, यादी.) आजवर प्रत्येकाला दोन ओळींत उत्तर दिलं आणि त्याने कुणाचंच समाधान झालं नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. बाहेरच्या इंटरफेसमधली इनव्हॅलिडेट ही मेथड आणि आतल्या स्टोअरमधली रिमूव्ह वरवर एकच काम करतात, एंट्री, म्हणजे कॅशेत ठेवलेली एक नोंद, काढून टाकतात. पण इनव्हॅलिडेट बोलावली की एंट्री हॅश टेबलमधून (एंट्री शोधायच्या तक्त्यातून) जाते, एव्हिक्शनच्या (मर्यादा ओलांडली की एंट्री बाहेर काढण्याच्या) रांगेतला तिचा दुवा सुटतो, एकूण वजनाच्या (एंट्रींनी व्यापलेल्या जागेच्या) बेरजेतून तिचं वजन वजा होतं आणि कुणी रिमूव्हल लिसनर (एंट्री गेल्याची खबर घेणारा कोड) लावला असेल तर त्याला कळवलं जातं. रिमूव्ह यातलं फक्त पहिलं करते. उरलेलं तिला बोलावणाऱ्याने करायचं असतं. तो बोलावणारा आमच्याच कोडमधला असतो, रांगेचं लॉक (एका वेळी एकालाच रांगेला हात लावू देणारं) त्याच्याकडे आधीपासून असतं आणि बहुतेक वेळा तो एका दमात शेकडो एंट्री काढत असतो. दर एंट्रीला लॉक घ्यायचं आणि सोडायचं म्हटलं तर एव्हिक्शनचाच खर्च डोईजड होईल. सिग्नेचर (मेथडला काय द्यायचं आणि तिच्याकडून काय मिळतं) सारखी दिसते म्हणून दोन्ही एकच आहेत असं मानणाऱ्यांना मी हे किती वेळा सांगितलंय!

मग स्टोअर मुळात पब्लिक का होता? आमचा कोड अनेक पॅकेजेसमध्ये, म्हणजे क्लासेसच्या गटांमध्ये, विभागलेला आहे. एका पॅकेजमधला क्लास दुसऱ्यात वापरायचा तर जावामध्ये त्याला पब्लिक करण्यावाचून सरळ मार्ग नव्हता. 2017 मध्ये जावा 9 बरोबर मॉड्यूल (कोणती पॅकेजेस बाहेर दाखवायची हे ठरवू देणारे) आले तेव्हा कुठे हे बदललं. तोवर जे शेजारच्या पॅकेजला दिसलं ते साऱ्या जगाला दिसलं. गो भाषेने ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरचा नियम 1.4 मध्ये आधी स्वतःच्या कोडपुरता आणि 1.5 पासून सगळ्यांसाठी लागू केला. त्या फोल्डरमधलं काही बाहेरच्या प्रोजेक्टने इंपोर्ट केलं तर बिल्डच होत नाही. आमच्याकडे फक्त पॅकेजच्या नावात ‘इंटर्नल’ होतं आणि क्लासच्या डोक्यावर कॉमेंट होती: बाहेरून वापरू नका, कधीही बदलेल.

त्या काळची मी या कॉमेंटवर समाधानी होते. मी म्हणायचे, वापरणारे जाणते आहेत, त्यांना वाचता येतं. सोर्स उघडा ठेवायचा आणि आत हात घालणाऱ्याला अडवायचं, हे कसलं उघडेपण? हे म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही.

आता तो प्रसंग. एका टीमचा मूळ डेटा बदलला की त्यांना हजारो एंट्री एकदम बाद कराव्या लागत. इनव्हॅलिडेट त्यांना संथ वाटली. शोधता शोधता आतली रिमूव्ह सापडली. तिला लॉक लागत नव्हतं, मोजून पाहिली तर कितीतरी वेगवान होती. त्यांनी ती वापरली आणि सगळं सुरळीत चाललं. ते का चाललं, हे नीट समजून घ्या. तेव्हा आमची सफाई दर वेळी सगळी रांग चाळायची. रांगेत आहे पण टेबलात नाही अशी एंट्री दिसली की तिचा दुवा सोडवायची आणि वजन वजा करायची. ही सोय त्या टीमसाठी केलेली नव्हती. आमच्याच कोडमधल्या एका रेस कंडिशनमुळे (दोन कामं एकाच वेळी चालल्याने होणाऱ्या चुकीमुळे) अशा अनाथ एंट्री मागे राहायच्या, म्हणून ती होती. पुढे आम्ही ती रेस मुळातूनच काढली. अनाथ एंट्री तयारच होणार नाहीत तर दर वेळी अख्खी रांग चाळून काय मिळवायचं? तो कोड काढला. सार्वजनिक एपीआयमध्ये (बाहेरच्यांना वापरायला दिलेल्या भागात) एका अक्षराचा बदल नव्हता, सगळ्या टेस्ट पास होत्या. सिमँटिक व्हर्जनिंगच्या (आवृत्त्यांना क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या) नियमाप्रमाणे हे पॅच व्हर्जन, म्हणजे वापरणाऱ्यांचा कोड न मोडणारी छोटी दुरुस्ती, ठरतं, आणि आम्ही ते तसंच काढलं.

त्यांच्याकडे पॅच व्हर्जन आपोआप घेतलं जायचं. त्यांची रिमूव्ह टेबलातून एंट्री काढत राहिली, वजनाची बेरीज मात्र कमी होईना. रांगेच्या शेवटून एव्हिक्शन अनाथ एंट्री उचलायचं, टेबलातून काढायला जायचं, तिथे ती नसायची. टेबलात न सापडलेल्या एंट्रीचं वजन वजा करायचं नाही, कारण तसं केलं तर तेच वजन दोनदा वजा होऊ शकतं, हा आमचा नियम. त्यामुळे दुवा सुटायचा आणि वजन बेरजेत अडकून राहायचं. हळूहळू ती बेरीज मर्यादेच्या वर गेली आणि खाली आलीच नाही. त्यानंतर आत आलेली प्रत्येक नवी एंट्री लगेच बाहेर फेकली जाऊ लागली. कॅशे जवळपास रिकामा होता आणि त्याच्या स्वतःच्या हिशेबाने काठोकाठ भरलेला होता. प्रत्येक वाचन डेटाबेसवर जाऊ लागलं आणि डेटाबेसने मान टाकली.

त्यांना आधी वाटलं, ट्रॅफिक वाढलाय. त्यांनी कॅशेची मर्यादा वाढवली आणि काही तास सगळं ठीक झालं. याच गोष्टीने त्यांची सर्वात जास्त दिशाभूल केली. उपाय लागू पडतोय असं दिसत होतं आणि गळती आत चालूच होती. मर्यादा पुन्हा वाढवली, पुन्हा तेच. मला बोलावलं तोवर त्यांची रात्र त्यातच गेली होती. कॉलवर त्यांचा कोड पाहताच कारण माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, हा क्लास इंटर्नल आहे, वर लिहिलंय. पलीकडून थकलेल्या आवाजात उत्तर आलं, ‘कंपायलरने तर आम्हाला अडवलं नाही.’

माझ्याकडे याला प्रत्युत्तर होतं, पण ते त्या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं. त्या जुन्या शाखेवर आम्ही सफाईचा कोड परत घातला. तसं करायला आम्ही बांधील नव्हतो, हे मी आजही ठामपणे म्हणेन. एका टीमच्या शॉर्टकटसाठी बाकी सगळ्यांच्या कॅशेने दर सफाईला पूर्ण रांग चाळायची, याचा मला तेव्हा राग आला होता आणि तो गेलेला नाही.

सॉफ्टवेअर अभियंता हायरम राइट यांच्या नावाने एक नियम सांगतात: वापरणारे पुरेसे वाढले की करारात काहीही लिहा, तुमच्या एपीआयच्या दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणीतरी विसंबलेलं असतंच. खुद्द जावालाही हे चुकलं नाही. सन डॉट मिस्क डॉट अनसेफ हा मेमरीला थेट हात लावू देणारा त्यांचा आतला क्लास, पण कितीतरी वेगवान लायब्रऱ्या त्यावर उभ्या राहिल्या. जावा 9 मध्ये आतली दारं लावायला घेतली तेव्हाही तो उघडाच ठेवावा लागला, कारण त्याला पुरेसा पर्याय नव्हता. बाकी बहुतेक आतल्या भागावर पक्कं कुलूप लागायला 2021 चं जावा 17 उजाडलं.

त्या प्रसंगानंतरच्या आमच्या मेजर व्हर्जनमध्ये (मोठ्या बदलांच्या आवृत्तीत) स्टोअर, रांग आणि एंट्रीचे क्लास आम्ही एक्स्पोर्ट न होणाऱ्या, म्हणजे मॉड्यूलबाहेर न दिसणाऱ्या, पॅकेजमध्ये हलवले. बाहेरच्या इंटरफेसमध्ये आता आतली एंट्री कधीच हाती दिली जात नाही, तिची न बदलता येणारी प्रत मिळते. हजारो एंट्री एका लॉकमध्ये बाद करणारी मेथडही दिली, म्हणजे त्या टीमला मुळात जे हवं होतं ते. वेग कमी झाला म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की इंटरफेसमागे एकच क्लास असेल तर जेआयटी कंपायलर (प्रोग्राम चालू असतानाच कोड मशीनच्या भाषेत आणणारा) तो कॉल बहुतेक वेळा इनलाइन करून टाकतो, म्हणजे कॉलच्या जागी थेट मेथडचा कोड बसवतो. मोजून पाहा, मग बोलू.

इथे जुनी मी मध्येच बोलते. ती म्हणते, दार उघडं होतं म्हणून तर तुला त्यांची गरज कळली. बंद असतं तर त्यांनी मागणी केली नसती, सोर्स कॉपी करून स्वतःची आवृत्ती काढली असती, आणि त्यातले बग तुझ्यापर्यंत कधी आलेच नसते. हे खरं आहे, आता तसंच होतंय. शिवाय कुलूपही अर्धवटच आहे. आमची जार (लायब्ररीची फाइल) मॉड्यूल पाथऐवजी जुन्या पद्धतीच्या क्लासपाथवर ठेवली तर मॉड्यूलची घोषणा दुर्लक्षित होते आणि सगळे पब्लिक क्लास पूर्वीसारखेच हाती लागतात. मग मी काय मिळवलं? आता आत शिरणाऱ्याला आपण आत शिरतोय हे ठाऊक असतं, एवढंच. ते पुरेसं आहे असं मी काही दिवस मानते आणि काही दिवस नाही.

कॅफिन या जावाच्या दुसऱ्या कॅशिंग लायब्ररीने मधला मार्ग काढलाय. रोजच्या वापराचा इंटरफेस छोटा आहे आणि मर्यादा, मुदत यांत डोकावायचं असेल तर ‘पॉलिसी’ नावाची वेगळी मेथड आहे. जेकॅशे या जावातल्या कॅशिंगच्या 2014 च्या मानकातही ‘अनरॅप’ ही आतली मूळ वस्तू हाती देणारी मेथड आहे. ती सरळ सांगते की इथून पुढे तुम्ही त्या-त्या उत्पादकाच्या हद्दीत आहात. मला कॅफिनचा मार्ग पटतो, अनरॅपची भीती वाटते, कारण तिच्यातून बाहेर आलेली वस्तू परत आत घेता येत नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी एव्हिक्शनची रांग थेट चाळायला मागितली आहे, त्यांच्यासाठी: मी नकार दिला आणि प्रत देऊ केली. कोट्यवधी एंट्रींची प्रत मेमरीत मावत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. थेट रांग दिली तर तुम्ही चाळत असाल तेवढा वेळ लॉक अडून राहील, हे माझंही बरोबर आहे. रांगेच्या शेवटाकडच्या ठरावीक एंट्रींचीच प्रत दिली तर चालेल का, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.